आधी वाचा, मग पाहा

माझे चित्र पाहायचे असेल तर आधी त्यावरचा मजकूर वाचा, असे तोमिओका तेस्साई भेटायला येणाऱ्यांना सांगत असत. क्योतोच्या या चित्रकाराविषयी जे काही लिहिले जाते त्यात ही गोष्ट हमखास येते. एका बहुश्रुत म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून ती कौतुकाने सांगितली जाते आणि पुढच्याच वाक्यात लेखक शाईच्या ओलाव्याकडे, रंगांच्या उसळीकडे, डोंगरांच्या थरथरत्या कडांकडे वळतो. मजकुरात काय लिहिले आहे ते सांगायचे राहूनच जाते. चित्राचा एखादा तुकडा पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी किंवा भिंतीवर लावायच्या प्रतीसाठी निवडला जातो तेव्हा कात्री बहुधा अक्षरांवरच चालते. तेस्साईंचा आग्रह शब्दशः पाळायला हवा, असे माझे म्हणणे आहे. त्यांचे अक्षर हा चित्राचाच भाग आहे. तो वगळला की उरते ते सुंदर असू शकते, पण ते तेस्साईंनी केलेले काम नव्हे.

हे समजायला हा माणूस स्वतःला काय समजत होता हे पाहावे लागते. तेस्साई हे त्यांनी धारण केलेले नाव. त्याचा अर्थ लोखंडी अभ्यासिका. जन्म २५ जानेवारी १८३७ चा, क्योतोतल्या व्यापारी घरातला. भिक्षूंची वस्त्रे विकणे हा घरचा धंदा. अठराव्या शतकात सामान्य व्यापाऱ्यांना नीतिशास्त्र शिकवणाऱ्या इशिदा बायगान यांचा एक शिष्य याच घराण्यात होऊन गेला होता, त्यामुळे दुकानाबरोबर पोथ्याही वारशाने आल्या होत्या. तेस्साईंना लहानपणापासून कमी ऐकू येई. त्यांनी कन्फ्यूशियसचे ग्रंथ, जपानचे प्राचीन वाङ्मय, शिंतो आणि बौद्ध विचार असा चौफेर अभ्यास केला. चित्रकलाही शिकले, पण ती व्यासंगाला जोडून. १८६१ मध्ये ते नागासाकीला गेले. परदेशी व्यापाराला जवळजवळ बंदी असलेल्या काळात चिनी जहाजे, चिनी ग्रंथ आणि चिनी चित्रे देशात येत ती याच बंदरातून. १८७४ मध्ये ते उत्तरेला होक्काइदोपर्यंत जाऊन आले, दुसऱ्या वर्षी फुजी पर्वत चढले. मग काही वर्षे शिंतो मंदिरांत पुजारी होते, आधी नाराजवळच्या इसोनोकामी मंदिरात आणि नंतर साकाईच्या ओतोरी मंदिरात. मोडकळीस आलेल्या मंदिराच्या डागडुजीसाठी त्यांनी आपली चित्रे विकली. १८८१ मध्ये थोरला भाऊ वारल्यावर आईला सांभाळायला ते क्योतोला परतले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. १८९४ पासून सुमारे दहा वर्षे ते क्योतोच्या कलाशाळेत शिक्षक होते. त्यांचा विषय होता नीतिशिक्षण. ज्याच्याकडून चित्र शिकायला मुलांनी रांग लावली असती, तो माणूस कलाशाळेत जाऊन माणसाने कसे वागावे हे शिकवत होता. यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हते, कारण चित्रेही ते त्याच कामासाठी काढत होते.

या वृत्तीला मोठी परंपरा होती. जपानी भाषेत अशा चित्रांना बुंजिंगा म्हणतात. बुंजिन म्हणजे अक्षरांचा माणूस, व्यासंगी. त्याने काढलेले चित्र ते बुंजिंगा. कल्पना मूळची चीनची. चित्र हे कारागिराच्या हातकौशल्याचे प्रदर्शन नसून सुसंस्कृत मनाचा ठसा आहे, आणि कविता, हस्ताक्षर व चित्र ही तिन्ही एकाच कुंचल्याची कामे आहेत, असे तिथले विद्वान-अधिकारी मानत. शाई तीच, कागद तोच, मनगट तेच. अक्षर वळवणारी रेघच पुढे बांबूचे पान होते, खडकाची कड होते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दोंग छिछांग या चिनी चित्रकाराने चित्रकाराची तयारी म्हणून दहा हजार ग्रंथ वाचावेत आणि दहा हजार कोस चालावे असे सांगितले. तेस्साईंनी तो उपदेश आयुष्याचा कार्यक्रम म्हणून घेतला. पोथ्या गोळा केल्या आणि जपानभर पायपीट केली. जपानात ही परंपरा अठराव्या शतकात इके नो ताइगा आणि योसा बुसोन यांनी रुजवली. बुसोन आपल्याकडे हायकूचा कवी म्हणून माहीत आहे. त्याचे पोट मात्र चित्रांवर चाले, आणि त्याच्या हायकू व चित्रे एकाच कागदावर नांदतात. चित्रावरच्या मजकुराला जपानीत ‘सान’ म्हणतात. हा सान चित्रकाराचाच असतो असे नाही. मित्राने, गुरूने, कधी शंभर वर्षांनंतरच्या मालकानेही लिहिलेला असतो. तरुण तेस्साईंना हे फार जवळून पाहायला मिळाले. ओतागाकी रेंगेत्सु ही बौद्ध संन्यासिनी क्योतोत मातीची भांडी घडवी आणि त्यांवर स्वतःच्या कविता कोरी. विशीच्या आगेमागे तेस्साई तिच्याकडे राहिले, तिची माती वाहून आणू लागले. तेस्साईंपेक्षा ती पंचेचाळीसेक वर्षांनी मोठी होती. पुढे दोघांनी मिळून अनेक पट केले, चित्र त्यांचे आणि कविता तिची. अशा पटाचा वरचा भाग झाकून खालचा दाखवणे म्हणजे जुगलबंदीतल्या एका वादकाचा आवाज बंद करून दुसऱ्याला दाद देणे होय.

या परंपरेवर जपानातच मोठा घाव बसला, आणि तो घालणारा माणूस जपानी कलेचा मित्र होता. अर्नेस्ट फेनोलोसा हा हार्वर्डचा पदवीधर १८७८ मध्ये तोक्यो विद्यापीठात शिकवायला आला. पाश्चात्त्य लाटेत जपानी लोक आपलीच जुनी चित्रे कवडीमोलाने विकत असताना त्याने त्यांची किंमत ओळखली आणि ती ठणकावून सांगितली. १८८२ मध्ये तोक्योतल्या उएनो इथे कलाप्रेमी सरकारी अधिकाऱ्यांच्या एका मंडळापुढे त्याने जे व्याख्यान दिले, ते जपानीत छापून निघाले आणि धोरण ठरवणाऱ्यांच्या हातात गेले. त्यात त्याने तैलरंगातल्या हुबेहूबपणावर टीका केली आणि तितक्याच जोराने बुंजिंगावरही केली. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: प्रत्येक कलेची कल्पना त्या कलेच्या साधनातूनच जन्मावी लागते. रेषा, छायाप्रकाश आणि रंग यांच्या आपसांतल्या मेळातून जे उभे राहते ते चित्राचे. कवितेची कल्पना उसनी घेऊन चित्र काढले तर जे काही मोल असेल ते कवितेचे, आणि चित्र नुसता हमाल. त्या वेळी सरकारी वर्तुळात बुंजिंगाचे वेड होते. चहाच्या बैठकीत मंत्रीसंत्रीही हौसेने बांबू रंगवत. म्हणून घाव वर्मी लागला. फेनोलोसाचा शिष्य आणि दुभाषी ओकाकुरा काकुझो, ज्याच्या ‘आयडियल्स ऑफ द ईस्ट’ या पुस्तकात आपल्या अजिंठ्याचेही नाव येते, त्याच्या पुढाकाराने १८८९ मध्ये तोक्योत जी सरकारी कलाशाळा सुरू झाली तिच्या अभ्यासक्रमात बुंजिंगाला जागा नव्हती.

फेनोलोसाचा आक्षेप हलका नाही. त्या काळातली बरीच बुंजिंगा खरोखरच निर्जीव होती. ठरलेला डोंगर, ठरलेली झोपडी, पुलावरचा ठरलेला म्हातारा, आणि वर चार चिनी ओळी. ओळींच्या प्रतिष्ठेवर चित्र खपून जाई. विद्वत्तेच्या पांघरुणाखाली आळस लपतो, हे त्याने नेमके हेरले. पण या निरीक्षणातून त्याने काढलेला सिद्धान्त पुढे जातो आणि तिथे चुकतो. शब्दावर अवलंबून असलेले चित्र कमी प्रतीचे, हे म्हणायला आधी असे गृहीत धरावे लागते की चित्राची हद्द आखलेली आहे आणि शब्द त्या हद्दीबाहेरून येतो. ही हद्द युरोपात आखली गेली होती, आणि तिथेही तिचे वय फार नव्हते. कुंचल्याने लिहिणाऱ्या समाजात ती अशी कधीच नव्हती. तिथे अक्षर डोळ्यांनीही पाहिले जाते. त्याचा वेग, त्याची ओल, दोन अक्षरांमधला श्वास, हे सारे रेषेच्याच मोजमापाने जोखतात. तेस्साईंच्या पटावर मजकुराचा दाट काळा ठोकळा कधी डोंगराला तोलून धरतो, कधी आकाशाचे वजन होतो. म्हणजे फेनोलोसाच्याच कसोटीने, रेषा आणि छायेच्या मेळाच्या कसोटीने पाहिले तरी तो चित्राच्या आतच आहे. मग त्या ठोकळ्यातला आकार घ्यायचा आणि अर्थ टाकायचा, हे कोणत्या न्यायाने?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण तो तेस्साईंच्या चाहत्यांकडूनच येतो. तेस्साईंची खरी भव्यता सत्तरीनंतरची. ऐंशीच्या पुढे तर हात असा सुटला की खडक, झाडे, ढग एकाच लाटेत वर उठतात. शाई इतकी दाट की कागदाने ती प्यायली असे वाटते, आणि तिच्यातून मध्येच निळा किंवा शेंदरी रंग उमलून येतो. विसाव्या शतकात पाश्चात्त्य रसिकांनी ही चित्रे पाहिली तेव्हा त्यांना फ्रेंच चित्रकार सेझान आठवला, आणि ती तुलना आता रूढ झाली आहे. या मंडळींना वरचे एक अक्षरही वाचता येत नव्हते. तरी ती हेलावली. मग वाचण्याची गरज कुठे राहिली? १८९८ मधल्या फुजीच्या जोडपडद्यांपुढे उभे राहणाऱ्यालाही हेच वाटेल. एका पडद्यावर दुरून दिसणारा सबंध पर्वत, दुसऱ्यावर माथ्यावरचे विवर, सुळक्यांनी वेढलेले, जणू दगडांनाच ज्वाळा फुटल्या आहेत. स्वतः तो माथा गाठलेल्या माणसाचे हे चित्र आहे, आणि ते पाहताना आधी श्वास रोखला जातो, वाचण्याची आठवण नंतर होते. हे मी मान्य करतो. पाहणाऱ्याला मिळालेला तो आनंद खोटा नाही. नाट्यगीताची चाल पेटीवर नुसती वाजवली तरी ऐकणारा डोलतो. शब्द ठाऊक नसलेलाही डोलतो. पण त्यामुळे पद शब्दांवाचून पूर्ण आहे असे कुणी म्हणत नाही. तेस्साईंच्या बाबतीत मात्र आपण तेच म्हणत आलो आहोत, आणि वर त्याला शुद्ध चित्रदृष्टी असे नाव देत आलो आहोत. सेझानशी केलेल्या तुलनेने तेस्साईंना जगाच्या कलादालनात जागा मिळाली हे खरे. त्या जागेचे भाडे म्हणून त्यांना आपले शब्द दाराबाहेर ठेवावे लागले.

आता एका प्रत्यक्ष कामाकडे वळतो, कारण वाचल्याने काय बदलते ते तिथे दिसते. १९१४ मध्ये, जुन्या जपानी गणनेने वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, तेस्साईंनी सहा-सहा फळ्यांच्या घडीच्या पडद्यांची एक जोडी रंगवली. आज ती जपानच्या महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्यांत गणली जाते. नुसते पाहिले तर डोळ्यांना मिळते समृद्ध निसर्गदृश्य: उंच खडक, झाडी, पाणी, आणि त्या पसाऱ्यात हरवलेली लहान लहान माणसे. ही माणसे कोण हे शब्द सांगतात. एका पडद्यावर आबे नो नाकामारो आहे. ७१७ मध्ये हा तरुण जपानी दरबाराने विद्यार्थी म्हणून चीनला पाठवला. तो तिथे शिकला, थांग सम्राटाच्या सेवेत चढत गेला, ली बाइ आणि वांग वेइ या महाकवींचा मित्र झाला. साडेतीन दशकांनंतर त्याला घरी परतण्याची परवानगी मिळाली. मिंगझोउच्या, म्हणजे आजच्या निंगबोच्या किनाऱ्यावर निरोपाच्या वेळी समुद्रातून चंद्र वर आला, आणि तो पाहून त्याने मायदेशच्या डोंगरावर उगवणाऱ्या चंद्राची आठवण काढणारी कविता केली, असे परंपरा सांगते. ती कविता आजही जपानी मुलांना पाठ असते, कारण शंभर कवींच्या शंभर कवितांच्या पत्त्यांच्या खेळात ती आहे. जहाज निघाले आणि वादळात भरकटून दक्षिणेला, आजच्या व्हिएतनामच्या किनाऱ्याला लागले. तो बुडाला असे समजून ली बाइने शोककविता लिहिली. नाकामारो जिवंत होता. तो चीनच्या राजधानीत परतला आणि ७७० मध्ये तिथेच वारला. जपान त्याला पुन्हा दिसला नाही. दुसऱ्या पडद्यावर अडीच शतकांनंतरचा एक माणूस आहे, एन्त्सू दाइशी. हा आधी प्रांताचा सुभेदार होता. प्रिय स्त्रीच्या मृत्यूनंतर भिक्षू झाला आणि १००३ मध्ये सोंग राजवटीतल्या चीनला गेला. तिथल्या सम्राटाने त्याला सन्मानाची पदवी दिली. तो सुझोउमध्ये राहिला, आणि तोही परतला नाही.

हे कळल्यावर दोन पडदे एकमेकांशी बोलू लागतात. दोघे जपानी, दोघे समुद्रापलीकडे गेलेले, दोघे तिकडेच राहिलेले. एकाचे डोळे घराकडे लागलेले, दुसऱ्याने घर मनानेच सोडलेले. आणि हे रंगवणारा कोण? ज्याचे सारे ग्रंथ चीनचे, ज्याचे नायक चीनचे, ज्याच्या चित्रांतले निम्म्याहून अधिक डोंगर चीनचे, आणि ज्याने चीनच्या भूमीवर कधीही पाऊल ठेवले नाही, असा एक वृद्ध जपानी. नाकामारो चीनमधून जपानच्या चंद्राकडे पाहतो. तेस्साई क्योतोत बसून त्या पाहण्याकडे पाहतात. दोन उलट्या दिशांच्या ओढी एका कागदावर येऊन मिळतात. त्या भरगच्च निसर्गात माणसे इतकी लहान का, हा प्रश्न मग निव्वळ मांडणीचा राहत नाही. मधले अंतर हाच चित्राचा विषय आहे, आणि सहा फळ्यांची रुंदी त्या अंतरासाठी लागली आहे. हे काही मी चित्रावर लादत नाही. चित्रकाराने विषय निवडला, जोडी लावली आणि नावे लिहून ठेवली. न वाचणाऱ्याला तेच खडक आणि तेच पाणी दिसते, पण हे अंतर दिसत नाही. रेषा आणि रंगाच्या मेळातला एक मोठा घटकच त्याच्या नजरेतून निसटतो.

यावर जाणकार एक बारीक मुद्दा काढतात. तेस्साईंच्या चित्रांवरचा मजकूर बहुतांश त्यांचा स्वतःचा नसतो. चिनी-जपानी ग्रंथांतून वेचलेले उतारे, जुन्या कवींच्या ओळी, चरित्रांतले प्रसंग असे त्याचे स्वरूप असते. उसने शब्द वाचून चित्रकाराबद्दल काय कळणार? मराठी वाचकाला याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगासाठी संताचा अभंग घेतात. तो त्यांचा नसतो, आणि आपला आहे असा त्यांचा दावाही नसतो. कोणत्या दिवशी, कोणत्या श्रोत्यांपुढे, कोणता अभंग उचलला आणि उत्तररंगात त्याला कोणते आख्यान जोडले, यात बुवांची सारी बुद्धी आणि भाव दिसतो. तेस्साईंचा उतारा हा तसा निरूपणाला घेतलेला अभंग आहे आणि चित्र हे त्याचे आख्यान. हजारो पाने वाचून त्यांतली चार ओळींची निवड करणे हेही लेखनच आहे. तेस्साईंच्या बाबतीत ते अधिकच खरे, कारण अर्थहीन असे आपण काही काढत नाही, यावर त्यांचा भर होता.

त्यांच्या एका आवडत्या नायकाचे उदाहरण पुरेसे आहे. अकराव्या शतकातला चिनी कवी आणि अधिकारी सू दोंगपो याचा जन्म चांद्र पंचांगाच्या बाराव्या महिन्यातल्या एकोणिसाव्या दिवशी झाला. बरोबर आठशे वर्षांनी, त्याच महिन्यात त्याच तिथीला तेस्साई जन्मले. त्यांनी ‘दोंगपोच्या दिवशी जन्मलेला’ अशा अर्थाचा शिक्का कोरून घेतला आणि चित्रांवर उमटवला. हा शिक्का लाल शाईचा एक सुबक चौकोन म्हणून पाहता येतो आणि तसाच पाहिला जातो. पण दोंगपो हा सत्तेला न रुचणारे बोलल्याने पुन्हा पुन्हा हद्दपार झालेला माणूस होता. अखेर त्याला देशाच्या टोकाला, हाइनान बेटावर धाडले. तिथेही तो लिहीत राहिला, शिकवत राहिला, शेजाऱ्यांत मिसळला. तरुणपणी तेस्साईंच्या परिचयातले लोक शोगुनच्या राजवटीच्या दडपशाहीत सापडले. ज्यांची प्रवचने त्यांनी ऐकली त्या उमेदा उन्पिन यांना १८५८ मध्ये अटक झाली आणि पुढच्या वर्षी ते कैदेत वारले. विद्वत्तेची किंमत मोजावी लागते हे तेस्साईंनी ग्रंथांत वाचले तसे आपल्या शहरातही पाहिले होते. हे जाणून तो लाल चौकोन पाहिला की तो कोपऱ्यातली सजावट राहत नाही. आपण कोणाच्या पंगतीत बसू इच्छितो हे सांगणारी ती सही होते.

वाचायला हवे याचे आणखी एक कारण आहे, आणि तेस्साईंच्या भक्तांना ते कदाचित रुचणार नाही. शब्द वाचले तरच त्यांच्याशी मतभेद करता येतो. तेस्साई सम्राटनिष्ठ होते, शिंतोचे पुजारी होते. प्राचीन सम्राटांविषयीचा, शूर निष्ठावंतांविषयीचा आदर त्यांच्या चित्रांत वारंवार येतो. ज्या विचाराने शोगुनशाही उलथली, त्याच विचाराचे पुढच्या पिढ्यांनी काय केले हे आपण जाणतो. होक्काइदोच्या प्रवासाची आठवण घेऊन त्यांनी १८९६ मध्ये तिथल्या आइनू लोकांच्या जुन्या रीतिरिवाजांचे मोठे पडदे रंगवले. आपुलकीने पाहणाऱ्या माणसाचे ते काम आहे. पण तोवर जपानी वसाहतकारांनी त्या लोकांची जमीन आणि शिकारीची राने व्यापली होती, आणि तीनच वर्षांनी त्यांना शेतकरी व जपानी बनवण्याचा कायदा आला. ज्यांचे जगणे ‘जुने’ ठरवले जात होते त्यांचे ते जुने रिवाज रंगवण्याला एक अर्थ आहे, आणि तो निरागस नाही. शुद्ध रंगरेषा पाहणाऱ्याला हे प्रश्न पडतच नाहीत. तेस्साईंना नीतिशिक्षक म्हणून गांभीर्याने घ्यायचे तर त्यांची नीतीही तपासायला हवी. मला त्यांच्याबद्दल वाटणारा आदर या तपासणीने कमी होत नाही. उलट, नुसता रंगांचा जादूगार म्हणून होणारे कौतुकच त्यांना लहान करते.

राहता राहिला व्यवहाराचा प्रश्न. हा मजकूर वाचणार कोण? तो बहुधा कानबुनमध्ये, म्हणजे जपान्यांनी जोपासलेल्या अभिजात चिनीत असतो. आजच्या बहुसंख्य जपानी प्रेक्षकांनाही तो वाचता येत नाही, मग मराठी, बंगाली किंवा फ्रेंच माणसाने काय करायचे? भाषांतरात ती गोडी येणार नाही, म्हणून ते करूच नये, असे सुचवणारेही आहेत. इथे कानबुन वाचण्याची रीत ध्यानात घ्यायला हवी. चिनी वाक्यातला शब्दक्रम जपानीच्या क्रमाहून वेगळा. म्हणून जपानी वाचक ओळीच्या कडेला बारीक खुणा करून, शब्द पुढेमागे फिरवून, जपानी प्रत्यय जोडून तीच ओळ आपल्या भाषेत वाचत आला. संस्कृत श्लोकाचा अन्वय लावताना आपण जे करतो त्याच्याच जातीचे हे काम. म्हणजे तेस्साई स्वतः तो मजकूर भाषांतर करतच वाचत होते. बोलली जाणारी चिनी भाषा न येणारे त्यांच्या पिढीचे विद्वान चिनी पाहुण्यांशी समोरासमोर बसून कागदावर लिहून गप्पा मारत. तोंडाला जमले नाही ते कुंचल्याने जमवत. ज्या परंपरेचा पायाच शतकानुशतकांच्या भाषांतरावर उभा आहे, तिच्या चित्रांबाबत भाषांतराचे सोवळे पाळणे विचित्र आहे.

आणि हे काम फार खर्चाचेही नाही. तेस्साईंच्या चित्रांचा सर्वांत मोठा संग्रह ताकाराझुका इथल्या कियोशिकोजिन सेइचोजी या मंदिरात आहे. तिथल्या महंतांनी तेस्साईंच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्याशी स्नेह जोडला, चित्रे जमवली. १९७५ मध्ये त्यांसाठी तिथे स्वतंत्र संग्रहालय उघडले. जपानी अभ्यासकांनी यांतल्या पुष्कळ मजकुरांचे वाचन करून ठेवले आहे, उतारे कुठल्या ग्रंथातले हे शोधले आहे. अवघड भाग झालेला आहे. आता परदेशातल्या प्रदर्शनाच्या पाटीवर चित्राचे माप, कागद की रेशीम, आणि दात्याचे नाव यांच्या सोबतीला मजकुराचे चार ओळींचे भाषांतर यावे. आपल्याकडे रविवारच्या पुरवणीत किंवा दिवाळी अंकात जपानी चित्र छापले जाते तेव्हा ते न कापता छापावे आणि खाली त्यावर काय लिहिले आहे ते द्यावे. बुसोनच्या हायकूचे भाषांतर करणाऱ्याने ती हायकू चित्रावर असेल तर चित्रही सोबत आणावे, आणि ताइगा, बुसोन, तेस्साई यांच्या चित्रांवर लिहिणाऱ्याने सानाला किमान तेवढी जागा द्यावी जेवढी तो सेझानला देतो.

तेस्साई ३१ डिसेंबर १९२४ ला गेले. अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला पंचवीस दिवस उरले होते. जुन्या गणनेने दुसऱ्याच सकाळी त्यांना नव्वदावे लागले असते. त्याच्या पाच वर्षे आधी, १९१९ मध्ये, सरकारने त्यांना शाही कला अकादमीचे सदस्य नेमले होते, अर्थातच चित्रकार म्हणून. अखेरच्या वर्षांतल्या चित्रांत, हात थकायला हवा होता त्या वयात, त्यांनी वरचा मजकूर आखडता घेतला नाही. डोंगर दाट होत गेले, आणि त्यांच्या माथ्यावर अक्षरांच्या ओळीही तितक्याच दाट उतरत राहिल्या.